आखजीपर्यंतची गोधडी

१२ फेब्रुवारी १९३८, कामरगाव

पोचले एकदाची! वाशीमच्या मोटारअड्ड्यावर दादानं मुरमुऱ्यांची पुडी हातात दिली. वहिनी घरीच राहिली. मला काही रडू आलं नाही. कारंजापर्यंत मोटार आणि पुढे दमणी. बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू होते. ते ह्यांनी मुद्दाम बांधून आणलेले, पण तसं बोलायचे नाहीत. मी विचारलं तर कान लाल झाले. ह्यांचं नाव वहीत लिहायला हरकत नाही, वही कुणाला सांगत नाही. जगदेव.

दारात अक्का भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळून टाकायच्या आधीच तिनं मला मिठी मारली, तुकडा खाली पडला आणि दोघी हसत सुटलो. ललिताक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. माझं न्हाणं, वेणी, पहिलं लुगडं नेसवणं, सगळं तिच्या हातचं. तेराव्या वर्षी मी विधवा झाले आणि पुढची दहा वर्षं दादाच्या घरात धुणीभांडी करून, शेजारपाजारच्या गोधड्या शिवून काढली. आपल्या दिराची बायको वारल्यावर अक्कानंच हा पाट जुळवायचा ध्यास घेतला. वर्षभरात तीनदा वाशीमला आली, दादाशी भांडली. आज आम्ही बहिणी जावा झालो. एक चूल, एक उंबरा.

घर मातीचं, धाब्याचं, पण ऐसपैस. ओसरी, माजघर, स्वैपाकाची जागा, आणि मागे कापसाची खोली. ती आढ्यापर्यंत भरलेली आहे. मामंजी दिवसभर ओसरीवर बसून सुतळी वळतात. अक्काचे यजमान कारंजाला सरकी काढायच्या जिनात कामाला असतात, पंधरा दिवसांतून एकदा येतात. आणि कौशी! अक्काची लेक, पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. भर दुपारी धाबळी पांघरून बसली होती. सर्दी झाली असेल. मला बघून म्हणाली, ‘तूच काय ते माही मावशी?’ होय गं बाई, मीच.

१५ फेब्रुवारी

बोलते तशी लिहीत नाही म्हणून अक्का हसते. बाबा शाळामास्तर होते, त्यांनी हातावर पट्टी मारून शुद्ध लिहायला शिकवलं. ते गेल्यावर त्यांच्या कोऱ्या वह्या मी मागून घेतल्या. बाकी काही मागितलं नाही.

आज अक्कानं माळ्यावरून एक बोचकं काढून दिलं. ह्या घरात नवी सून पहिल्या आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत एक गोधडी पुरी करते म्हणे. आखजीला पितरांची घागर भरायची, त्या आधी गोधडी हातावेगळी व्हायला हवी. मला तर हवंच होतं. माझा जीव सुईत. बोचक्यात जुनी लुगडी, सगळी गाठी मारून ठेवलेली. डाळिंबी रंगाचं, पिवळ्या काठाचं एक, काळ्यावर पांढरे ठिपके असलेलं जाडंभरडं एक, आणि एक निळं, इतकं विरलेलं की बोट आरपार दिसावं. अक्का म्हणाली, ह्याच कपड्यांतून कर, बाहेरचं चिंधूक घालू नको. कुणाची लुगडी विचारलं तर म्हणाली, घरच्याच बायांची.

ह्यांनी कारंजाहून सुयांचं पाकीट आणि दोऱ्याची सहा रिळं आणली. संध्याकाळी माझ्याजवळ बसून सुईत दोरा ओवून देत होते. एवढा मोठा नांगर धरणारा हात, आणि सुईच्या नाकापुढे दर वेळी चुकत होता. मला फार गंमत वाटली.

२४ फेब्रुवारी

काम छान चाललं आहे. तुकडे कापून, मांडून झाले, अस्तर अंथरलं, कडेनं धावदोरा सुरू केला. गोधडी शिवायची ती कडेकडेनं, फेऱ्यामागून फेरा घालत मध्याकडे यायचं. मधला तळहाताएवढा तुकडा सगळ्यांत शेवटी. तीन फेरे पुरे झाले. माझी एक खोड आहे, कोपरा वळताना एक आडवा टाका घालते. वाशीममध्ये माझी गोधडी बायका त्यावरून ओळखत.

बसायला जागाही झकास सापडली, माजघरात कापसाच्या खोलीच्या दाराशी. ऊन तापू लागलं तरी तिथली भुई गार असते. कौशी शेजारी बसून उरलेल्या चिंध्यांची बाहुली करते. काल तिनं बाहुलीचं लग्न माझ्या कात्रीशी लावलं.

आज हिरीबाई आली होती. तांड्यावरची म्हातारी आहे, कापसातला काडीकचरा वेचायला पूर्वीपासून ह्या घरी येते. माझ्या पुढ्यातली गोधडी बघून ती उभीच राहिली. हे बोचकं कोणी दिलं, विचारलं. अक्कानं, म्हटलं. मग वेचलेलं सूपही तिथंच टाकून निघून गेली. म्हातारपणी माणूस चमत्कारिक होतं.

६ मार्च

सगळा कापूस विकला. सात गाड्या पहाटेच कारंजाच्या बाजाराला गेल्या. खोली रिकामी झाली तेव्हा पहिल्यांदा आतून पाहिली. खिडकी नाही. मागच्या भिंतीला पोपडे. माझ्या बोलण्याचा आवाज आत घुमला तसं अक्कानं माझा दंड धरून बाहेर ओढलं, आत विंचू असतात म्हणाली.

दुपारी कौशीला हुडहुडी भरली. अंगणात, उन्हात! ओठ जांभळे, दात वाजत होते. कपाळाला हात लावला तर ताप नाही, उलट मडक्यासारखं गार. अक्का तिला कवटाळून बसली होती, पण पोरीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला काही सुचेना, मी अर्धवट गोधडी ओढून तिच्यावर घातली. चार श्वास घेतले नाहीत तोच थरथर थांबली. पोर झोपली, गालांवर रंग आला.

अक्का माझे हात हातात घेऊन रडली. तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं की तिची दोन मुलं गेली ती अशीच, थंडी वाजून. एक आठ वर्षांपूर्वी, एक पाच. एक वैशाखात, एक चैत्रात. मला वाशीमला कळवलं होतं ते नुसतं ‘तापानं गेला’ एवढंच. म्हणाली, ‘तुह्या हाताले गुन हाय, सुंदरे. लवकर पुरी कर गोधडी.’

माझ्या हाताला गुण आहे! दहा वर्षांत कुणी असं म्हणालं नव्हतं. रात्रीचा स्वैपाक मी एकटीनं केला, तिला उठू दिलं नाही.

१४ मार्च

काल दिवे लागायच्या वेळी फेरे मोजले होते, नऊ. आज सकाळी अकरा. पुन्हा मोजले, ह्यांच्याकडूनही मोजून घेतले. अकराच.

अक्काला विचारलं. ती म्हणाली, मीच घातले दोन, तुला मदत म्हणून. बरं वाटलं. मग दुपारी ती भाकरी थापायला बसली तेव्हा पाहिलं, तिच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालंय, चार दिवसांपासून चिंधी बांधलेली आहे. भाकरीही डाव्या हातानं उलटत होती.

मी ते दोन फेरे उजेडात नेऊन बघितले. चारही कोपऱ्यांवर आडवा टाका आहे. माझा आडवा टाका.

झोपेत शिवत असेन का मी?

२२ मार्च

आज मन फार खट्टू झालं.

गोधडीत हिरवा तुकडा दिसला. मी हिरवं काही लावलेलंच नाही, बोचक्यात हिरवं नव्हतंच. हात लावला आणि ओळख पटली. माझं पाटाचं लुगडं. ट्रंक उघडली तर लुगड्याच्या पदरातून चौकोन कापलेला. एकुलतं एक नवं लुगडं.

अक्का खालच्या मानेनं म्हणाली, हो, मीच कापला. तू आता ह्या घरची झालीस, तुझंही चिंधूक त्यात असावं. मग मला मागितला का नाहीस, असं विचारलं तर चुलीतलं लाकूड मागेपुढे करत बसली. लहानपणी माझी बाहुली मोडली तेव्हा रात्रभर जागून दुसरी करून देणारी हीच ती अक्का. तिला माझं लुगडं कापताना काहीच कसं वाटलं नाही?

दादाला पत्र लिहिलं. चार दिवस माहेरी घेऊन जा एवढंच. ह्यांच्याजवळ टपालात टाकायला दिलं. टाकतो म्हणाले.

२९ मार्च

हिरीबाईनं मला शेताकडच्या पांदीवर गाठलं. मी शेण वेचायला गेले होते. तिनं जे सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण आत्ता माझा विश्वास बसत नाही आणि उद्या बसेल अशी भीती वाटते.

पस्तीस वर्षांमागे प्लेग आला. गाव ओस करून लोक शेतात झोपड्या घालून राहिले. मामंजींची पहिली बायको रुपाबाई, अठरा-एकोणीस वर्षांची, तिच्या काखेत गाठ उठली होती. बैल नेले, धान्य नेलं, अंथरूण-पांघरूण सगळं नेलं. तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. पौषाचे दिवस. हिरीबाई तेव्हा पोरवयाची होती, ढोरं घेऊन घरामागून गेली तर आतून आवाज येत होता.

‘भाकर नाई मांगत होती, पानी नाई मांगत होती बाई. निरं म्हने, पांघराले द्या वो, कोनी पांघराले द्या. मी आयकलं अन पयाली. मीबी कडी नाई काढली.’

तीन दिवस आवाज येत होता, म्हणाली.

त्या खोलीत पुढे कापूस भरत गेले. पण दर काही वर्षांनी कापूस गेला की घरात थंडी शिरते. लेकरं आधी गारठतात. मामंजींच्या दुसऱ्या बायकोनं, म्हणजे ह्यांच्या आईनं, एक गोधडी शिवली. शिवून झाली त्या दिवशी ती गेली, आणि गोधडी पुन्हा कुणाला दिसली नाही. ह्यांच्या पहिल्या बायकोनं शिवली, चार वर्षांमागे. चैत्रात गेली. हिरीबाईनं तिला न्हाऊ घातलं होतं. अंग हिवाळ्यात विहिरीतून काढल्यासारखं होतं.

डाळिंबी लुगडं रुपाबाईचं. निळं ह्यांच्या आईचं. ठिपक्यांचं, माझ्या आधीच्या बाईचं.

मी विचारलं, अक्काला हे माहीत आहे का? हिरीबाईनं माझ्या हातातली शेणाची पाटी घेऊन खाली ठेवली. मग म्हणाली, ‘तिनंच त बोचकं बांधून ठेवलं, बाई.’

३ एप्रिल

पाडवा झाला. दादा आला नाही. पत्रही नाही.

आज गोधडी चाचपताना पंधराव्या फेऱ्याच्या आत काहीतरी कुरकुरलं. चार टाके उसवले. आत कागद. माझंच पत्र, चौघडी केलेलं. ‘दादास सुंदरचा शिरसाष्टांग नमस्कार.’

हे दारातच उभे होते. मी कागद पुढे केला. एवढा मोठा माणूस भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. म्हणाले, पत्र वहिनीनं, तुझ्या अक्कानं, मागून घेतलं; माझा भाऊ, माझा बाप, वहिनी, सगळ्यांनी मिळून ठरवलं; मी नाही म्हटलं होतं. नाही म्हटलं होतं तर मग पाटाला कशाला बसलात, असं विचारलं. ते घुंगरू कशाला बांधलेत.

४ एप्रिल

खरं काय ते बघायचं ठरवलं. दुपारी अंगणात कौशी चिंचोके खेळत होती. मी माजघरात बसून एक फेरा उसवायला घेतला. एक हात उसवला असेल, बाहेर चिंचोके सांडल्याचा आवाज आला. दोन हात उसवला तशी पोर किंचाळली. धावत गेले. उन्हानं भुई अशी तापलेली की तळवे भाजत होते, आणि त्यात ती गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत पडलेली. पापण्यांवर दहिवर. मी हातानं पुसलं, पाणी होतं, गार.

परत जाऊन फेरा घातला. घाईत टाके वेडेवाकडे आले. कोपऱ्याशी येईपर्यंत बाहेर कौशी पुन्हा चिंचोके मोजायला लागली होती. एक, दोन, पाच, तीन. तिला चार कधी आठवत नाही.

म्हणजे खरं आहे.

९ एप्रिल

मी शिवायचं बंद केलं आहे. पाच दिवस सुईला हात लावलेला नाही, तरी फेरे वाढताहेत. आज एकोणीस.

भर दुपारी, जेवणं झाल्यावर, गोधडी जागेवर नव्हती. कापसाच्या खोलीचं दार उघडं. आत उजेड पुरेसा होता, मला नीट दिसलं. गोधडी भुईवर अंथरलेली होती आणि तिच्याखाली कुणीतरी कुशीवर निजलेलं होतं. गुडघे वर घेतलेले. खांदा कुठं, डोकं कुठं, सगळं कळत होतं. श्वासाबरोबर माझा हिरवा तुकडा खालीवर होत होता.

मग गोधडी हळूहळू बसत गेली. पाणी मुरल्यासारखी. सपाट झाली.

मी बाहेर आले. मामंजी ओसरीवर सुतळी वळत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय ते समजले आणि खाली मान घालून पुन्हा वळायला लागले.

१७ एप्रिल

अक्काशी बोलले. आजवर टाळत होते. वाटत होतं, ती ‘नाही’ म्हणेल आणि मग मला तिच्यावर विश्वास ठेवता येईल.

ती नाही म्हणाली नाही.

‘माहे दोन गेले, सुंदरे. ह्याच मांडीवर. दुसऱ्याले तं मी तव्यावरच्या फडक्यानं शेकत होती, त्याचं कातडं भाजलं पन आंग गरम झालं नाई. आता कौशी उरली.’

मी म्हटलं, मग तूच का नाही शिवलीस? मला वाटतं हे बोलायला नको होतं. पण बोलले.

‘मी गेल्यावर तिले कोन पाह्यल? बाप जिनात असते. तुले मांगं-पुढं कोनी नाई. तुले ना लेक, ना...’

‘ना काय?’

‘दादाच्या घरी तू जितीच कुठं होती?’

एक गोधडी चार वर्षं पुरते म्हणाली. चार वर्षांत कौशी नऊची होईल, मग लग्न लावून तिला लांब कुठंतरी देऊन टाकीन, ह्या घरची उरली नाही की सुटली. सगळा हिशोब मांडलेला. माझ्यासाठी दादाशी भांडली, तीनदा वाशीमला आली, ते सगळं ह्या हिशोबात होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसतं लाजल्यासारखं झालं, की एवढी वेडी मी, घुंगरांवर, मिठीवर, भाकरतुकड्यावर भाळले.

२० एप्रिल

सकाळीच निघाले. हिरीबाई सोबत आली. कारंजाच्या रस्त्याला लागलो. दोन कोस गेलो असू. ऊन मी म्हणत होतं तरी माझी बोटं वळत नव्हती, हिरीबाईनं तिची ओढणी माझ्या हातांना गुंडाळली.

मागून दमणी आली. हे हाकत होते. खाली उतरले नाहीत. दमणीत कौशी होती, धाबळ्यांत गुंडाळलेली. मी निघाल्यापासून तिची थंडी सुरू झाली होती. तिला घेऊन माझ्यामागे आले. मुद्दाम.

पोरीचे ओठ हलत नव्हते. कसंबसं म्हणाली, ‘मावशी, मले पांघराले दे ना.’

कुणी शिकवलं तिला हे? कुणी शिकवलं नसेल तर...

मी दमणीत चढले. हिरीबाई रस्त्यात उभी राहून छातीवर हात मारून रडत होती. मी पोरीला मांडीवर घेतलं आणि गाव दिसायला लागेपर्यंत तिचे तळहात चोळत राहिले. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. एकदाही वळून पाहिलं नाही.

२४ एप्रिल

कौशी बरी. खेळते, खाते. माझ्याजवळ येऊ देत नाहीत.

अक्का माझी वेणी घालून गेली. लहानपणी घालायची तशी, घट्ट. तिचे अश्रू माझ्या मानेवर पडत होते. ते गरम होते. बाकी काही गरम लागत नाही. चुलीत हात घातला तरी.

२७ एप्रिल

एकवीस फेरे. मध्ये तळहाताएवढी जागा उरली आहे.

खोलीतली ती आता लपत नाही. दुपारी येते, मी बसते तिथं शेजारी येऊन बसते. तोंड दिसत नाही. पाय दिसतात, निळसर, टाचा फुटलेल्या. शिवत असते. माझ्यासारखंच — कोपऱ्यावर आडवा टाका घालते. मला बघून शिकली.

भीती वाटते. पण तिची नाही तितकी —

३० एप्रिल

लिहिता येत नाही नीट. बोटं.

ओसरीवर बोलणं चाललं होतं, ऐकलं. आखजीला सगळ्यांनी मळ्यात जायचं. घागर तिथंच भरायची. अक्का म्हणाली, कडी मी लावीन. मामंजी म्हणाले, नको, मी लावतो, मला — सवय आहे.

सवय आहे म्हणाले.

हे उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

१ मे

रिळं रिकामी. बोचकं रिकामं. दोरा संपला तरी टाके —

आज सुई माझ्या हातात होती. मी घेतली नव्हती. उठले तेव्हा हातात होती. बोटभर जागा उरली आहे. आता ठरवलं तर मी घाव घालून सगळी फाडू शकते. विळा जवळच आहे. विळा हातात घेतला. तेवढ्यात अंगणातून कौशी मोजत होती, एक, दोन, तीन, चार. चार म्हणाली! कुणीतरी शिकवलं असेल.

विळा ठेवला.

२ मे. आखजी

मला कापसाच्या खोलीत आणून निजवलं. पाय हलत नाहीत, म्हणून उचलून. ह्यांनी पायाकडून धरलं, अक्कानं खांद्यांकडून. वही मी पदरात धरून होते. काढून घेतली नाही. तेवढं केलं.

गोधडी अक्कानं पांघरली. चारी बाजूंनी नीट खोचली. मग बाहेर. कडी.

दारापलीकडे उभी आहे ती अजून. श्वास ऐकू येतो. म्हणाली, ‘सुंदरे, मले माफ करजो. करशील ना वो?’

ओठ उघडत नाहीत.

दमणी निघाली. घुंगरू. कौशी हसत होती, घागर मी धरीन म्हणत होती. तिचा आवाज — छान मोकळा होता —

धाब्यातल्या फटीतून ऊन येतं, वहीवर पडलं आहे, त्यात लिहिते. ऊन गार आहे.

गोधडीत माझ्याशिवाय आणखी कुणीतरी आहे. पाठीला पाठ लागली आहे. मधला तुकडा शिवते आहे. एक टाका. एक. सरकून तिला जागा दिली. तीही बिचारी —

मी तर थांबवलं नसतं. विळा ठेवला होता मी. परत आले होते मी, आपल्या पायानं दमणीत चढले होते. हे अक्कानं पाहिलं नाही का? कौशी माझीही होती. कडीची गरज नव्हती. खोटं बोलायची, लुगडं कापायची, पत्र — कशाचीच नव्हती —

आणखी एक टाका.

अक्का, एवढंच लिहिते, वही सापडली तर वाच. तू एकदा, फक्त एकदा, समोर बसून मला विचारलं असतंस, तर मी